अपघाताचा अहवाल : निरीक्षण आणि न्याय

रस्त्यावर अपघात घडला की क्षणार्धात माणसे जमतात, जखमींना हलविले जाते, वाहने बाजूस ओढली जातात आणि काही वेळाने रहदारी पूर्ववत सुरू होते. गोव्यासारख्या प्रदेशात पावसाची एक जोरदार सर रस्त्यावरील खुणाही धुऊन नेते. मागे उरतो तो कागद. मृताची पत्नी, जायबंदी झालेला मजूर आणि आरोपी म्हणून उभा राहिलेला चालक या सर्वांचे भवितव्य पुष्कळ अंशी त्या कागदावर अवलंबून असते. म्हणून अपघाताच्या तपासाचा अहवाल हे केवळ कचेरीतील नित्याचे काम नव्हे.

पाहिलेले आणि अनुमानाने ठरविलेले यांत भेद राखणे, हा अहवालाचा पहिला गुण होय. ‘वाहन भरधाव व निष्काळजीपणे चालविले’ हे ठरावीक वाक्य म्हणजे निष्कर्ष आहे, निरीक्षण नव्हे. ‘मोरीच्या कठड्यापासून पूर्वेस १२ मीटरवर ब्रेकची खूण सुरू होते, तिची लांबी १८ मीटर आहे’, हे निरीक्षण होय. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून वाहन थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. त्यामुळे अचूक मोजलेल्या खुणेवरून जाणकारास वेगाचा अंदाज बांधता येतो. मात्र चाके जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा असलेल्या वाहनाची खूण पुसट असते किंवा उमटतही नाही. खूण नाही म्हणून ब्रेक लावलाच नाही, असे लिहिणे अन्यायाचे ठरेल.

मोजमापे नेहमी स्थिर वस्तूपासून घ्यावीत : किलोमीटरचा दगड, पुलाचा कठडा, विजेचा खांब. स्थळनकाशात उत्तर दिशा, रस्त्याची रुंदी, वळण, वाहनांची स्थिती आणि काचांचे तुकडे दाखवावेत. उजेड किती होता, रस्ता ओला होता काय, खड्डा होता काय, झुडपांनी सूचनाफलक झाकला होता काय, याचीही नोंद हवी. सारा दोष चालकाच्या माथी मारून मोकळा होणारा अहवाल त्या धोकादायक वळणास पुढच्या बळीची वाट पाहण्यास मोकळे सोडतो. रस्त्याच्या बांधणीत व देखभालीत विहित मानके न पाळणाऱ्यांची जबाबदारी आता कायद्यानेही मानली आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार पोलीस अधिकाऱ्याने अपघाताचा माहिती अहवाल ३ महिन्यांच्या आत तयार करून दावा न्यायाधिकरणास सादर करावयाचा असतो. २०२२ च्या नियमांनी त्याचे टप्पे ठरविले आहेत : प्रथम अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. विशेष हे की, न्यायाधिकरणाने असा अहवाल भरपाईचा अर्ज मानावयाचा असतो. ज्या कुटुंबास अर्ज कसा करावा हे ठाऊक नाही, त्याच्या वतीने जणू हा अहवालच न्यायाचे दार ठोठावतो. त्यातील चुकलेला वाहनक्रमांक वा वगळलेले वारसाचे नाव त्या दारास कडी घालू शकते.

या कामी ग्रामस्थ व शिक्षक यांचाही वाटा मोठा आहे. पंच म्हणून बोलावलेल्याने पंचनामा पूर्ण वाचून, प्रत्यक्ष स्थितीशी ताडून मगच सही करावी. कोऱ्या कागदावर कदापि करू नये. ज्यास वाचता येत नाही, त्यास शिक्षकाने तो वाचून दाखवावा. जखमीस मदत करणाऱ्यानेही भिऊ नये. सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. तथापि पाहिलेले स्वेच्छेने सांगणारा साक्षीदार हा तपासाचा मोठा आधार असतो.

मृत मनुष्य आपली बाजू सांगण्यास येऊ शकत नाही. त्याच्या वतीने बोलतात ती घटनास्थळी घेतलेली मोजमापे आणि प्रामाणिकपणे लिहिलेले शब्द. ते शब्द खरे ठेवणे, हे लिहिणाऱ्याचे कर्तव्य होय.