घरातले व्यवहार, घराबाहेरचे दर

(मंडळाच्या सभेतील व्याख्यान, संक्षेपाने)



आपल्यापैकी अनेकांचे भाऊ गावाकडे धंदा सांभाळतात, म्हणून हा विषय निवडला. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीसारख्या वसाहतीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. थोरल्याची रसायनांची कंपनी, धाकट्याच्या कंपनीचे टँकर, आईच्या नावावरची शेड. थोरला दोघांनाही पैसे देतो आणि खर्च म्हणून वजावट मागतो. ती मिळते का?

मिळते, पण दर वाजवी हवा. १९६१च्या आयकर कायद्यात यासाठी १९६८ साली कलम ४०ए(२) आलं. बाजारभाव, धंद्याची गरज आणि मिळालेला लाभ या कसोट्यांवर रक्कम अवाजवी ठरली, तर जास्तीचा भाग तेवढा नामंजूर होतो. शेजारच्या तशाच शेडचं भाडं दीड लाख आणि आईला दोन लाख दिले, तर वाद पन्नास हजारांचा.

या कलमापुरते नातेवाईक म्हणजे पती, पत्नी, भाऊ, बहीण आणि थेट वरच्या-खालच्या पिढ्या. चुलतभाऊ, मेहुणा, भाचा त्यात नाहीत. भावाचा २० टक्के हिस्सा असलेली कंपनी मात्र येते. लेखापरीक्षकाला हे व्यवहार कर-लेखापरीक्षणाच्या अहवालात दाखवावेच लागतात.

मुंबई उच्च न्यायालयापुढे इंडो सौदी सर्व्हिसेसचं प्रकरण आलं होतं. भगिनी कंपनीला इतरांपेक्षा अर्धा टक्का जास्त कमिशन दिलं होतं. तीही वरच्या दराने कर भरत होती, करचुकवेगिरी दिसत नव्हती. न्यायालयाने वजावट मान्य केली.

आता परदेशात राहणाऱ्या तुमच्याविषयी. शेड परदेशातल्या भावाच्या नावावर असेल, तर भाड्यावर अनिवासी म्हणून टीडीएस कापावा लागतो. तो राहिला, तर दर कितीही वाजवी असो, सगळंच भाडं नामंजूर होऊ शकतं. निवासी मालकाच्या बाबतीत हा फटका ३० टक्क्यांचा असतो.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा कायदा लागू आहे. कलमांचे क्रमांक बदलले, वाजवी दराचं तत्त्व कायम आहे.

‘आपल्याआपल्यात कागद कशाला?’ हे वाक्य मी फार घरांत ऐकलं आहे. माझी कळकळीची विनंती आहे: भाडेकरार करा, बाहेरच्या दोन वाहतूकदारांचे दर मागवून फाइलला लावा, पैसे बँकेतूनच द्या. आयकर अधिकाऱ्याला दाखवायचा हाच कागद उद्या वाटणीच्या वेळी भावंडांनाही पाहता येईल.