रिकामी पुंगळी आणि नेमबाजाची निवड



नेमबाजीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुधा पदक मिळाल्याच्या दिवशी. २००६ साली दोहा येथील आशियाई क्रीडास्पर्धेत जसपाल राणा यांनी २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल प्रकारात ६०० पैकी ५९० गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले आणि विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्या हाताने तत्पूर्वी किती हजार काडतुसे झाडली असतील, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणाच्या मनात येतो. वास्तविक या खेळाचे सारे अर्थकारण त्याच प्रश्नात दडलेले आहे. स्पर्धेत ६० गोळ्या, तर सरावात त्याच्या कित्येक पट. म्हणूनच कोणत्या कॅलिबरचे, म्हणजे नळीच्या कोणत्या व्यासाचे, पिस्तूल घ्यावे हे ठरविताना नेमबाज खरे पाहता आपल्याला किती सराव परवडेल हेच ठरवीत असतो. आणि या हिशेबात जमिनीवर पडलेल्या रिकाम्या पुंगळीला मोठे स्थान आहे.

काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या तळाशी बसविलेली प्रायमरची टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. चाप ओढल्यावर तीन घटक खर्ची पडतात, पुंगळी तेवढी उरते. तिच्या पितळात साधारणपणे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असते. स्फोटाच्या क्षणी तिची भिंत फुगून पिस्तुलाच्या पोलादी कोठीला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे निसटत नाही. दाब ओसरताच ती किंचित आक्रसते आणि सहज बाहेर पडते. ही लवचीकता आहे म्हणून तर पितळ. परंतु ती मूळ मापावर पूर्णपणे परत येत नाही. तिला पुन्हा वापरायचे तर कठीण साच्यातून दाबून मापात आणावे लागते, जळालेली टोपी काढून नवी बसवावी लागते आणि मग मोजलेली दारू व गोळी घालून तोंड आवळावे लागते.

या फुगण्या-आवळण्याने धातू कडक होत जातो. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिराला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ठोके खाऊन ताठर झालेले भांडे तो पुन्हा भट्टीत मऊ करून घेतो. रायफलच्या पुंगळीची मानही अशीच तापवून मऊ करतात. पिस्तुलाच्या लहान पुंगळीवर एवढे श्रम सहसा कोणी घेत नाही. तोंडाला चीर पडेपर्यंत ती वापरली जाते.

सर्वच काडतुसांना हा पुनर्जन्म नाही. .२२ या रिमफायर काडतुसात प्रज्वलक मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि घोड्याचा आघात त्या कडेलाच चेपतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ता-पालेमबांग येथील आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकावले, तो .२२चाच खेळ. तेथे रिकामी पुंगळी म्हणजे केवळ मोड. मात्र ते काडतूस मुळातच स्वस्त व सौम्य असल्याने नवोदिताचा आरंभ त्यानेच व्हावा, हे उचित होय.

निवडीचा खरा प्रश्न सेंटरफायरमध्ये उभा राहतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार येथे ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाची गोळी चालते, आणि .३२ की .३८ हा जुना वाद आहे. मोठ्या गोळीचे छिद्र मोठे, म्हणून ते वरच्या गुणाच्या रेषेला शिवण्याची शक्यता अधिक, असे नवख्याला वाटते. परंतु कागदी लक्ष्यावर संशयास्पद छिद्र तपासण्याचा मापक सर्वांसाठी ९.६५ मिलिमीटरचाच असतो. म्हणजे .३२ वापरणाऱ्यालाही तोच लाभ मिळतो, आणि धक्का मात्र कमी बसतो. या प्रकारात निम्म्या गोळ्या शीघ्र नेमबाजीच्या असतात : लक्ष्य तीन सेकंद दिसते, सात सेकंद लपते, असे पाच वेळा. हात जितका कमी उसळेल, तितकी नजर लवकर स्थिरावेल. चपट्या तोंडाची, मंद गतीची गोळी, कमी दाब आणि त्यामुळे दीर्घायुषी पुंगळी. या सर्व दृष्टींनी.३२चे पारडे जड ठरते.

प्रॅक्टिकल नेमबाजीचे गणित निराळे. १९७६ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात स्थापन झालेल्या त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने गोळीच्या जोरालाच गुणांत स्थान दिले. ग्रेनमधील वजन गुणिले सेकंदाला फुटांतील गती, भागिले हजार, हा तो अंक. १२५ म्हणजे ‘मायनर’. ‘स्टँडर्ड’ विभागात १७० म्हणजे ‘मेजर’. मध्यभागी लागलेल्या गोळीला दोघांनाही पाचच गुण. त्याबाहेरच्या पट्ट्यात मात्र मेजरला चार, मायनरला तीन. त्याही बाहेर दोन आणि एक. त्या विभागात मेजरसाठी १० मिलिमीटरची किमान मर्यादा असल्याने १९९० साली आलेले .४० काडतूस तेथे रुजले. तरीही ज्याचा नेम अजून बसायचा आहे, त्याने ९ मिलिमीटरच घ्यावे. त्याच्या रिकाम्या पुंगळ्या तिकडच्या मैदानांवर विपुल मिळतात, आणि अधिक सरावाने मधले पाच गुण हाती आले की मेजरचा लाभ उरतोच किती?

आपल्याकडे हा पर्याय नाही. सामान्य नागरिकासाठी ९ मिलिमीटर पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडते, आणि काडतूस बनविण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक असतो. घराच्या तळघरात यंत्र मांडण्याची अमेरिकी रीत येथे तशीच उचलता येणार नाही. ज्या देशात १८६९ पासून खडकीचा दारूगोळा कारखाना उभा आहे आणि ज्याची ‘केएफ’ ही अक्षरे पुंगळीच्या तळावर घरोघरच्या परवानाधारकांनी पाहिलेली आहेत, त्या देशातील होतकरू नेमबाजाने सरावाच्या काडतुसांसाठी परदेशी मालाची वाट पाहत बसावे, ही स्थिती शोभणारी नाही. नियंत्रित जागी, अधिकृत देखरेखीखाली पुंगळ्यांचा पुनर्वापर होऊ शकेल का, याचा विचार क्रीडासंघटनांनी अवश्य करावा.

मात्र तो करताना धोक्यांकडे डोळेझाक नको. .३८ स्पेशलची लांब पुंगळी काळ्या दारूच्या काळात आकारास आली. आजची दारू तिच्या तळाशी चिमूटभर दिसते. दुप्पट पडली तरी वरून ध्यानात येत नाही, आणि तेवढ्याने पिस्तूल फुटते. दारू पडायचीच राहिली, तर केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि पुढची गोळी घात करते. जुन्या टोपीच्या काजळीत शिसे असते, म्हणून पुंगळ्या धुण्याचे भांडे स्वयंपाकघरातले नको आणि मुले जवळ नकोत. ९ मिलिमीटरच्या ढिगात .३८० ऑटोची पुंगळी मिसळते. ती जेमतेम दोन मिलिमीटर आखूड असते. म्हणून प्रत्येक पुंगळीचा तळ वाचावा लागतो, तोंड उजेडात फिरवून पाहावे लागते. केसाएवढी जरी चीर दिसली, तरी ती पक्कडीने चेपून भंगारात टाकतात, म्हणजे चुकूनही ती पुन्हा ढिगात येत नाही.