माझी फाईल, माझे खण

रानातून आत्ताच घरी आलेल्या, चुलीपुढे बसलेल्या, सुपात तूर निवडत ऐकणाऱ्या सगळ्या अक्का, मावशी, वहिनी आणि लेकीबाळींना मैंदर्गीहून माझा नमस्कार.

मी आमच्या बचत गटाची सचिव. गटाचं दप्तर सांभाळता सांभाळता माझे केस पांढरे झाले. आज मी कागदांविषयी बोलणार आहे. कंटाळा करू नका. कागद नीट नसले की बाईचे किती हाल होतात, ते मी माझ्याच घरात पाहिलंय.

माझे मोठे दीर २०२१ सालच्या पावसाळ्यात रस्त्यावरच्या अपघातात गेले. सोलापूरच्या दवाखान्यात दोन दिवस होते, तिथंच त्यांनी प्राण सोडला. दिवसकार्य झाल्यावर गटातल्या एकीनं जाऊबाईंना विचारलं, "भाऊजींच्या खात्यातून बारा रुपये कापले जात होते का?" हे बारा रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख मिळतात. पण जाऊबाईंना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कागद सगळे घरातच होते. काही लोखंडी पेटीत, काही गादीखाली, काही देवघराच्या फळीवर, तर काही दिरांच्या जुन्या शर्टाच्या खिशात.

पासबुक सापडायला चार दिवस गेले. मृत्यूचा दाखला आणायला आम्ही आमच्या नगरपरिषदेत गेलो. तिथं कळलं की मृत्यू जिथं होतो तिथंच त्याची नोंद होते, म्हणून दाखला सोलापूरच्या महापालिकेतून आणावा लागणार. मग पोलिसांचा पंचनामा आणला, शवविच्छेदनाचा अहवाल आणला. एवढं सगळं जमवल्यावर नावाची अडचण निघाली. आमच्या भागातल्या पुष्कळजणींसारखं जाऊबाईंचं माहेर कानडी. शाळेच्या दाखल्यावर नावाच्या शेवटी ‘व्वा’, आधार कार्डावर ‘बाई’ आणि बँकेच्या कागदावर नुसतं नाव, तेही माहेरच्या आडनावासह. ही तिन्ही नावं एकाच बाईची, हे प्रतिज्ञापत्र करून सांगावं लागलं. पैसे मिळाले, पण आठ महिन्यांनी. त्या आठ महिन्यांत जाऊबाईंनी दोन शेळ्या विकल्या आणि पोरीची शाळेची फी उसनी घेऊन भरली.

त्याच वर्षी दिवाळीत जाऊबाई मला म्हणाल्या, "गटाचं दप्तर तू एवढं नीट ठेवतेस. मला माझ्या घराचं दप्तर करून दे." मी म्हटलं, "करून देणार नाही, दोघी मिळून करू. माझंही कुठं धड आहे?" तसे आम्ही दोघी बसलो. आज आमच्या गटातल्या प्रत्येकीकडं अशी फाईल आहे. ती कशी करायची, तेच आता सांगते.

स्टेशनरीच्या दुकानात रिंग फाईल मिळते. जाड पुठ्ठ्याची असते, आत लोखंडी कड्या असतात. कडी उघडायची, पान घालायचं, कडी मिटायची. वहीला शिवण असते, तिच्यात मध्येच पान घालता येत नाही, फाडलं तर वही सैल होते. कडीच्या फाईलमध्ये आज एक पान घाला, उद्या काढा, परवा पुढचं मागं करा. म्हणूनच दोन बायकांच्या फाईली कधी सारख्या होत नाहीत.

कड्यांच्या वहीची एक जुनी गोष्ट सांगते. इंग्लंडात लंडन शहरात १९२१ साली एक कंपनी निघाली. ती खिशात मावेल अशी कड्यांची वही विकायची. पुढं या वहीला ‘फायलोफॅक्स’ म्हणू लागले. त्या कंपनीत ग्रेस स्कर नावाची बाई टायपिस्ट म्हणून लागली होती. ‘फायलोफॅक्स’ हे नावही तिलाच सुचलेलं. गिऱ्हाइकांची आणि माल देणाऱ्यांची नावं, पत्ते ती स्वतःच्या वहीत लिहून ठेवायची आणि वही रोज घरी न्यायची. १९४० साली महायुद्धात लंडनवर बाँब पडले, त्यात कंपनीची जागा बेचिराख झाली. कंपनी पुन्हा उभी राहिली ती या बाईच्या वहीमुळं. पुढं तीच त्या कंपनीची अध्यक्ष झाली. टायपिस्ट बाईच्या हातातल्या वहीनं कंपनी वाचते, मग आपल्या फाईलनं आपलं घर का नाही वाचणार?

आता कामाला लागू. फाईलमध्ये नुसते कागद कोंबले तर ती दुसरी पेटीच होईल. म्हणून आधी खण पाडायचे. खण म्हणजे दोन कागदांच्या मध्ये घालायचा जाड पुठ्ठा. दुकानात तो डिव्हायडर नावानं मिळतो, पण विकत कशाला आणायचा? साडीचं खोकं आहे, लग्नपत्रिका आहे, जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आहे. तो कागदापेक्षा बोटभर रुंद कापायचा, म्हणजे त्याची कड बाहेर डोकावते. प्रत्येक पुठ्ठ्याची बाहेर आलेली कड थोडी खालच्या जागी ठेवायची, म्हणजे फाईल न उघडताच सगळ्या कडा एकाखाली एक दिसतात.

जाऊबाईंना वाचता येत नाही. त्यांनी काय केलं? खणाला खणच लावला! चोळीच्या खणाचे, इरकलीच्या काठाचे उरलेले तुकडे घेतले आणि प्रत्येक कडेला वेगळ्या रंगाचा तुकडा चिकटवला. हिरवा म्हणजे जमीन, लाल म्हणजे दवाखाना, पिवळा म्हणजे पैसा. वर पेननं चित्रही काढलं: कणीस, सुई, रुपया. आता अंधारातही त्यांना हाताला खण लागतो, कारण इरकलीचा काठ खरखरीत आणि चोळीचा खण मऊ असतो. कुणाला विचारावं लागत नाही.

खण किती पाडायचे? नियम एकच: तुम्हाला कागद कोण मागतं, त्यावरून खण पाडा. पहिला खण ओळखीचा: आधार, रेशन कार्ड, मतदार कार्ड, जन्माचा आणि लग्नाचा दाखला. दुसरा घर-जमिनीचा: सातबारा, आठ-अ, घराचा उतारा, घरपट्टीची पावती. घराचा उतारा मैंदर्गीत नगरपरिषद देते, वाडीवस्तीवर ग्रामपंचायत देते. तो हातात पडला की त्यावर आपलं नाव आहे का, हे आधी बघा. तिसरा पैशाचा: बँक, पोस्ट, विमा. चौथा दवाखान्याचा, पाचवा मुलांच्या शाळेचा, सहावा गटाचा.

पण हे माझे खण झाले, तुमचे वेगळे असतील. जमीन नसेल तर तो खण कशाला? तिथं रोजगार हमीचं जॉब कार्ड ठेवा. विडी वळत असाल तर विडी कामगाराचं ओळखपत्र आणि कामाच्या नोंदी ठेवा. दूध घालत असाल तर डेअरीच्या पावत्यांचा खण करा. घरात सून गरोदर असेल तर दवाखान्याच्या खणात तिचं माता-बाल कार्ड सगळ्यात वर ठेवा, रात्री-अपरात्री तेच लागतं.

आता भोकं पाडण्याविषयी. मूळ दाखल्याला कधीही भोक पाडू नका. तो प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात घाला. पाकिटाला भोकं असतात, ती कडीत जातात. भोकं पाडायची ती झेरॉक्सला आणि आपल्या लिहिलेल्या पानांना. कागद मधोमध दुमडून खूण करा, खूण मशीनच्या बाणाला लावा, मग दाबा. म्हणजे सगळी पानं एका रेषेत बसतात. टाचण्या काढून टाका, त्या गंजतात. रबर लावू नका, उन्हाळ्यात ते वितळून कागदाला चिकटतं. एटीएमची चिठ्ठी काही महिन्यांत पांढरी पडते, तिची लगेच झेरॉक्स काढा.

खण झाले. आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे आपण स्वतः लिहून घालायची पानं. ही पानं कुठलं कार्यालय देत नाही आणि दुकानातही मिळत नाहीत.

पहिलं पान नावांचं. डाव्या बाजूला कागद, उजव्या बाजूला त्यावर आपलं नाव जसं छापलंय अगदी तसं. आधारवर काय, बँकेत काय, रेशन कार्डावर काय, सातबाऱ्यावर काय. जन्मतारीखही लिहा. जिथं फरक दिसेल तिथं लाल खूण करा आणि सवड असताना दुरुस्ती करून घ्या. संकट आल्यावर दुरुस्तीला वेळ नसतो. आमच्या गटात हे पान केलं तेव्हा निम्म्याहून जास्त जणींच्या नावात कुठं ना कुठं फरक निघाला.

दुसरं पान वर्षाचं. बारा महिने लिहा आणि महिन्यापुढं काम. मार्चमध्ये घरपट्टी, पाणीपट्टी. मे महिन्यात विम्याचा हप्ता. सुरक्षा विम्याचे आता वर्षाला २० रुपये लागतात आणि जीवन ज्योती विम्याचे ४३६. दोन्ही विम्यांचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून मेअखेर खात्यात तेवढी रक्कम असलीच पाहिजे, नाहीतर विमा तुटतो. जूनमध्ये शाळेचं. पाऊस पडला की पीकविमा, त्याची तारीख दरवर्षी विचारून घ्या.

तिसरं पान वारसाचं. कोणत्या खात्याला, कोणत्या विम्याला वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय ते लिहा. बँकेत जाऊन विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत. चौथं पान ‘कागद कुणी नेला’ याचं. पोरगा आधार घेऊन गेला, दीर सातबारा घेऊन गेले. तारीख लिहा, परत आला की खोडा. यात कसला आलाय अविश्वास? आपण शेजारणीला वाटीभर साखर दिली तरी लक्षात ठेवतोच की.

पाचवं पान गटाचं. माझी बचत किती, कर्ज किती घेतलं, किती फेडलं, हे प्रत्येकीनं आपल्या पानावर लिहायचं आणि दर बैठकीत सचिवाच्या वहीशी ताडून बघायचं. मी स्वतः सचिव आहे, तरी सांगते: माझ्यावर विश्वास ठेवा आणि हिशोबही बघा. एकदा माझ्याच हातून एकीचे दोनशे रुपये मांडायचे राहिले होते. तिच्या पानामुळं ते सापडले. ती गप्प बसली असती तर मला कळलंही नसतं.

थोडं सावधपणाचंही बोलते. एटीएमचा पिन फाईलमध्ये लिहू नका. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त अमुक कामासाठी’, आणि खाली तारीख. फाईल जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, वाळवी लागते. आणि फाईल कुठं आहे, हे घरात आणखी एका माणसाला ठाऊक असू द्या.

आमच्या एका मैत्रिणीला घरातून बोलणी बसली, "बाईमाणसाला फाईल कशाला? कागद बघायला आम्ही आहोत की." तिनं भांडण केलं नाही. नवऱ्याचेही कागद त्याच फाईलीत लावले. पुढं पीककर्जाच्या वेळी त्यांना बँकेनं पाच कागद मागितले आणि तिनं बसल्या जागी पाचही काढून दिले. आता घरातले सगळे तिलाच विचारतात.

शेवटचा खण राहिला. तो फक्त तुमचा. जाऊबाईंच्या त्या खणात दिरांचा एक फोटो आहे, लेकीनं पहिलीत काढलेलं चित्र आहे आणि एक कोरं पान आहे. त्या पानावर त्या सही शिकतायत. पहिल्या ओळीत अक्षरं वाकडी आहेत, दहाव्या ओळीत सरळ झालीत. आता बँकेत त्या अंगठा लावत नाहीत.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक जुना पुठ्ठा आणि कापडाचे चार तुकडे घेऊन या. फाईल नसली तरी चालेल. आधी नावांचं पान करू. ज्यांना लिहिता येतं त्यांनी शेजारणीचं लिहून द्यायचं, पण वाचून दाखवल्याशिवाय उठायचं नाही. बाकीची पानं हळूहळू होतील. कडी उघडीच आहे, पान कधीही घालता येतं.

येते मी. नमस्कार.