माहितीच्या कोठारातील नियमांची मांडणी



ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी संगणकातील ‘स्टोअर्ड प्रोसीजर’ हा विषय व्याख्यानासाठी निवडला जावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या संस्थेने शंभर वर्षे दाखल नोंदवही, वर्गीकरण, तालिका आणि देवघेव यांची शिस्त सांभाळली, तिच्या सभासदांना या विषयातील मूळ अडचण एखाद्या नवशिक्या संगणकतज्ज्ञापेक्षा लवकर उमगेल. वस्तू साठवणे वेगळे आणि ती हवी तेव्हा सापडेल अशी ठेवणे वेगळे. संगणकात पहिली गोष्ट अतिशय सोपी झाली आहे, दुसरी मात्र होती तेवढीच कठीण राहिली आहे.

आयबीएम कंपनीतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला आणि माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याची कल्पना पुढे आणली. आजचे रिलेशनल डेटाबेस त्याच कल्पनेवर उभे आहेत. सभासदांचे एक कोष्टक, ग्रंथांचे दुसरे, देवघेवीचे तिसरे. आणि सभासद क्रमांक व दाखल क्रमांक यांनी तिन्हींची सांगड. पण कोष्टके ही झाली नुसती नोंद. पुस्तक परत आले की देवघेवीची नोंद बंद करावयाची, मुदत उलटली असल्यास विलंब शुल्क आकारावयाचे, ते सभासदाच्या खात्यावर चढवावयाचे आणि त्या पुस्तकासाठी कोणी मागणी नोंदविली असेल तर ते त्याच्यासाठी राखावयाचे, ही सारी कृती कोणत्या क्रमाने करावी हे कोठेतरी लिहून ठेवावे लागते. कृतीचा असा लेख कोष्टकांच्या शेजारी, डेटाबेसमध्येच नाव देऊन ठेवला, म्हणजे ती झाली स्टोअर्ड प्रोसीजर. मराठीत तिला संचित कार्यविधी म्हणता येईल.

सायबेस कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या आपल्या डेटाबेसचे हे एक ठळक वैशिष्ट्य होते. ओरॅकलच्या सातव्या आवृत्तीत, १९९२ मध्ये, ही सोय आली. मायएसक्यूएलला त्यासाठी २००५ साल उजाडावे लागले. लाभ उघड होता. देवघेवीच्या खिडकीवरील आज्ञावली, हिशेबनिसाची आज्ञावली आणि घरबसल्या मुदत वाढवून घेणाऱ्या सभासदासाठीची आज्ञावली, या तिघींनी शुल्काचा नियम आपापल्या परीने लिहिला तर एक दिवस तीन निरनिराळे आकडे निघणारच. नियम एका जागी असला की आकडा एकच निघतो. शिवाय खिडकीवरील सेवकाला मूळ कोष्टकांना हात लावण्याची मुभा न देता केवळ ‘परत घेणे’ हा कार्यविधी चालविण्याचा अधिकार देता येतो; किल्ली न देता काम करून घेण्याचाच हा प्रकार.

खरी कसोटी पुढे लागते. पहिल्या वर्षी दहा-बारा असलेले कार्यविधी दहा वर्षांत काहीशेंवर जातात. प्रत्येकाला नाव असते, पण नाव म्हणजे वर्गांक नव्हे. ‘नोंद करणे’, ‘नोंद करणे नवीन’, ‘नोंद करणे नवीन दोन’ अशी नावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगणे नको. बहुतेक डेटाबेस यादी वर्णानुक्रमाने दाखवितात. म्हणून नावाच्या आरंभी क्रियापद न घालता विषय घालावा, हे अनुभवाने ठरलेले शहाणपण आहे. देवघेव–परत, देवघेव–मुदतवाढ, वर्गणी–जमा, वर्गणी–थकबाकी, असे केले की एका विषयाचे सारे कार्यविधी आपोआप शेजारी येऊन बसतात. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बडोद्यास बोलाविलेल्या विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाने ड्यूई आणि कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून तेथील संग्रहासाठी वर्गीकरण सिद्ध केले होते. आधी विषयांची विभागणी आणि मग पुस्तकाची जागा, हा क्रम येथेही सुटत नाही. त्यासाठी डेटाबेसमध्ये ‘स्कीमा’ नावाचे कप्पे करता येतात. ओरॅकलमधील ‘पॅकेज’ याहून एक पाऊल पुढे जाते: त्याचा दर्शनी भाग तालिकापत्रासारखा, काय मिळेल एवढेच सांगणारा, आणि अंतर्भाग वेगळा. अंतर्भाग दुरुस्त केला तरी दर्शनी भागावर विसंबलेल्या इतर कार्यविधींना धक्का पोहोचत नाही.

नामकरणात काही खाचखळगेही आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसपी’ आणि अधोरेषा हा उपसर्ग प्रणालीच्या स्वतःच्या कार्यविधींसाठी आहे. हौसेने तो आपल्या कार्यविधीला लावला आणि प्रणालीचा त्याच नावाचा कार्यविधी असला, तर आपला बाजूलाच राहतो. त्याच सर्व्हरमध्ये नाव बदलण्याची जी तयार सोय आहे, तिने यादीतील नाव बदलते, पण साठविलेल्या संहितेत जुनेच नाव राहते. वेष्टनावर एक आणि मुखपृष्ठावर दुसरे. जुना काढून नव्या नावाने पुन्हा घालावा, तर त्यावर दिलेले अधिकार पुसले जातात व ते नव्याने द्यावे लागतात.

याहून गंभीर बाब इतिहासाची आहे. कार्यविधी बदलला की डेटाबेस सहसा केवळ नवी संहिता ठेवतो. जुनी नाहीशी होते. कार्यकारी मंडळ ठराव करते, इतिवृत्तात तो लिहिला जातो, पुढील सभेत कायम होतो. पण सभासदाकडून प्रत्यक्षात शुल्क घेतले जाते ते ठरावानुसार नव्हे, कार्यविधीत जे लिहिले आहे त्यानुसार. ज्येष्ठ सभासदांना दिलेली सवलत ठरावात आहे आणि कार्यविधीत नाही, अशी स्थिती उद्भवली तर यंत्र ठरावाकडे ढुंकूनही पाहणार नाही. एखाद्या सभासदाने विचारले की, गेल्या पावसाळ्यात ही रक्कम कोणत्या नियमाने आकारली, तर उत्तर देणारा कागदच उरलेला नसतो. पैशांपेक्षा संस्थेच्या शब्दाचा हा प्रश्न आहे.

म्हणून मूळ प्रत डेटाबेसच्या बाहेर ठेवण्याची रीत पडली. प्रत्येक कार्यविधीची स्वतंत्र फाइल, आणि त्या फाइलींचा प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला हे नोंदविणारी व्यवस्था. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली ‘गिट’ ही अशीच व्यवस्था आहे. डेटाबेसमधील प्रत ही मग केवळ वापरातील प्रत. दुरुस्ती तीत करावयाची नाही, मूळ फाइलीत करून ती पुन्हा चढवावयाची. संहितेच्या माथ्यावर उद्देशाबरोबर ठरावाचा क्रमांक व दिनांक लिहिला, तर इतिवृत्त आणि यंत्र यांचा दुवा जुळतो. तांत्रिक पुस्तकांत या साध्या सूचनेला फारसे स्थान मिळत नाही.

सगळेच नियम कार्यविधीत कोंबावेत, असा याचा अर्थ नाही. ओरॅकलची भाषा वेगळी, मायक्रोसॉफ्टची वेगळी. एकीत लिहिलेले दुसरीत जसेच्या तसे चालत नाही, आणि डेटाबेस बदलण्याची वेळ आली की शेकडो कार्यविधी पायातील बेडी ठरतात. जे माहितीच्या शुद्धतेशी निगडित आहे ते तेथे असावे. पडद्यावर काय दिसावे हे तेथे नसावे.

शेवटी उरते ते निर्लेखन. जीर्ण ग्रंथ बाद करताना जी सावधगिरी लागते, तीच येथे लागते. कोणता कार्यविधी कोणावर अवलंबून आहे याची यादी डेटाबेस देतो खरा, पण एखाद्याने चालू असताना वाक्य जुळवून दुसऱ्याला हाक मारली असेल तर ती नोंद यादीत येत नाही. किती वेळा वापर झाला याचे एसक्यूएल सर्व्हरमधील आकडे तात्पुरत्या स्मृतीत असतात आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला की शून्यावर येतात. तेव्हा सहा महिने हालचाल नाही म्हणून काढून टाकलेला कार्यविधी नेमका ३१ मार्चला वर्षअखेरची वर्गणी पुढे ओढणारा निघू शकतो. सुज्ञ व्यवस्थापक म्हणूनच असा कार्यविधी आधी निराळ्या कप्प्यात हलवितो, त्यावरील अधिकार काढून घेतो आणि कोठून तक्रार येते ते पाहतो. एक संपूर्ण हिशेबी वर्ष, ३१ मार्चसह, निर्वेध पार पडल्यावरच तो डेटाबेसमधून काढला जातो. फाइलींच्या इतिहासात त्याची संहिता तशीच राहते.