नायक खोलीबाहेर गेल्यावर
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ तरुण मंडळी आज कचेऱ्यांत व कारखान्यांत अधिकाराच्या जागी आहेत, आणि त्याहून अधिक मंडळी कोणाच्या तरी हाताखाली आहेत. म्हणून वरिष्ठाच्या वागण्याच्या रीतीविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. परंतु विषय वर्गातला असल्याने धीर होतो.

कुर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेस गेले. १९३८-३९ च्या सुमारास आयोवा विद्यापीठात त्यांनी लिपिट व व्हाइट या सहकाऱ्यांसह दहा वर्षांच्या मुलांची लहान मंडळे स्थापिली. मुले मुखवटे व अन्य हस्तकाम करीत. हुकमी नायक सारे स्वतः ठरवी आणि पुढची पायरी वेळ येईपर्यंत सांगत नसे. दुसरा मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी. तिसरा त्यांना मोकळे सोडून स्वस्थ बसे. हुकमी नायकासमोर काम भरपूर होई, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण तो खोलीबाहेर गेला की हात थांबत. काही मुले मुकी झाली, तर काही एकमेकांवर तुटून पडू लागली. विचारविनिमयाच्या मंडळात मात्र नायक नसतानाही काम बहुतांशी पूर्ववत् चाले. तिसऱ्या मंडळात काम थोडे व तेही सुमार. तेव्हा मोकळीक म्हणजे दुर्लक्ष नव्हे.

प्रकृतीचेही तसेच. लंडनच्या दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांची पाहणी १९८५ साली सुरू झाली. आपल्या कामात स्वतः काही ठरविण्यास ज्यांना वाव नव्हता, त्यांच्यांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. आपण मात्र साहेबाचा जाच थट्टेवारी नेतो!

आता माझा दोष सांगतो. सेवेच्या अखेरच्या वर्षांत शाळेची देखरेख माझ्याकडे होती. एक नवी शिक्षिका अपूर्णांक शिकविण्यासाठी सुतळी घेऊन मुलांना पटांगणात घेऊन गेली. मुले सुतळीचे निम्मे, पाव असे भाग करीत आनंदाने ओरडत होती. मी सर्वांसमक्ष विचारले, “बाई, परवानगी कोणाची घेतली?”

“चुकले, गुरुजी,” एवढेच ती म्हणाली.

पुढे तिची टाचणे निर्दोष असत व वर्गही शांत असे. मी दरवर्षी ‘उत्तम’ असा शेरा दिला. सभेत ती कधी बोलली नाही. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मीच तिला म्हटले, “बाई, एकदा वर्ग पटांगणात न्या की.”

तिने नम्रपणे विचारले, “गुरुजी, तसे लेखी द्याल का?”