तांब्याच्या पत्र्यावरचें गांव
(उल्हासनगर कॅम्प १ येथें दिलेलें व्याख्यान)



कंपनी सरकारच्या फौजेंतील कॅप्टन ग्रिंडले याच्या चित्रांचा ग्रंथ १८२६ ते १८३० च्या दरम्यान लंडनांत निघाला. त्यांत आपल्या शेजारच्या कल्याणहून दिसणाऱ्या सकाळचें एक चित्र आहे.

अशीं चित्रें तांब्याच्या पत्र्यावर होत. पत्र्यास मेणाचा लेप द्यावयाचा, सुईनें रेघा ओढावयाच्या व पत्रा तेजाबांत बुडवावयाचा. जेथें मेण निघालें तेथेंच तांबें झिजतें. त्या खांचांत शाई भरून वर कागद दाबला कीं चित्र उठतें.

या चित्रांतून डोंगर, किल्ला, वड हीं मोठीं. राबणारा माणूस मुंगीएवढा. ज्या सरकारचे अंमलदार हीं चित्रें काढीत, तेंच सरकार त्या माणसाकडून सारा वसूल करीत होतें. तो सारा व सावकाराचें देणें चित्रांत कोठें दिसावें? तें पाहावयास जोतीरावांचा १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’च उघडावा लागतो.

आतां कारागिराचें ऐका. गंगाराम चिंतामण नवगिरे हे पुण्याचे, जातीनें तांबट. १७९० नंतर त्यांनीं रेसिडेंट मॅलेटसाठीं वेरूळचीं लेणीं रेखाटलीं व वेल्स या चित्रकारास साह्य केलें. १८०३ सालीं लंडनांत वेरूळचीं २४ चित्रें छापून निघालीं. ग्रंथावर नांवें वेल्स व डॅनियल यांचीं, तांबटाचें नाहीं!

उलट फ्रान्सांतला मिले पाहा. तो शेतकऱ्याचा मुलगा. त्यानें शेतांत सरवा वेंचणाऱ्या तीन बाया आधीं पत्र्यावर कोरल्या, मग १८५७ सालीं रंगविल्या. वांकलेल्या बाया पुढें, मोठ्या. मालकाच्या गंजी दूर मागें. जो शेतांत वाढला त्याला काय मोठें काढावें हें ठाऊक होतें.

आम्ही शाळेंत मुलांना ‘गांव काढा’ म्हणतों. दोन डोंगर, मध्यें सूर्य, खालीं निळी नदी, माणूस नाहीं. कॅम्पाजवळची वालधुनी निळी आहे काय? कारखान्यांच्या सांडपाण्यानें ती काळवंडली आहे. चूक मुलांची नाहीं; आम्हीं मास्तरांनींच फळ्यावर तसें काढून दाखविलें.

म्हणून विनंति एवढीच. येत्या रविवारीं मुलांना घेऊन बसा. भात लावणारी आजी, घण मारणारा बाप, १९४७ नंतर सिंधहून येऊन लष्कराच्या बराकींत संसार मांडणारें शेजारचें कुटुंब, हीं सारीं काढवून घ्या. आणि प्रत्येकाखालीं नांव लिहवून घ्या.