लोदी मैदानावरील लांब टोला

गोल्फमधील ‘ड्रायव्हर’ या काठीचे डोके एके काळी पर्सिमन लाकडाचे असे. आज ते पोकळ टायटॅनियमचे असते. टोला किंचित चुकला तरी चेंडू दूर जातो, आणि जुनी मैदाने आखूड पडतात. चेंडूचाच पल्ला आवरण्याचा निर्णय नियामक संस्थांनी २०२३ मध्ये जाहीर केला. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोदी मैदानास मात्र त्याची वाट पाहावी लागली नाही. तेथील वाटा अरुंद. दोहों अंगांना दाट झुडपे. आत शिरलेला चेंडू गेलाच म्हणावयाचा! ऑक्टोबर २०२५ मधील स्पर्धेपूर्वी लांब टोल्याचे बादशहा रोरी मॅकिलरॉय यांनी ड्रायव्हर वापरण्याचा आपला विचार नसल्याचे सांगितले. मैदान दुर्भेद्य होते, असे मात्र नव्हे: टॉमी फ्लीटवुड यांनी पारपेक्षा बावीस टोले कमी घेऊन ती स्पर्धा जिंकली.